वाचकांचे प्रश्न : देव गप्प बसलाय असं वाटतं तेव्हा कुठलं स्तोत्र वाचू?

सगळ्यांना सलाम. ह्या वेळची पत्रं आणि मेल उघडले तर जवळजवळ सगळेच स्तोत्रसंहितेबद्दल, म्हणजे बायबलातल्या दीडशे स्तोत्रांच्या पुस्तकाबद्दल, कुणाला कोणतं स्तोत्र वाचू ते विचारायचंय, कुणाला नंबर जुळत नाहीयेत, म्हणून मग दशांश ग्रॉस पगारावर द्यायचा का हातात येणाऱ्या पगारावर हा (दर मार्चमध्ये हमखास येणारा) प्रश्न पुढच्या अंकावर ढकललाय. पत्रं जरा छोटी केलीत, नावं नेहमीसारखी काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, सलाम. मी मूळची नगर जिल्ह्यातली, नोकरीसाठी पुण्यात असते. मिस्टर जाऊन आता दुसरं वर्ष लागलं. भक्तीला जाते, गाणी म्हणते, सगळ्यांशी हसून बोलते पण आतून पूर्ण कोरडी झालेय, आणि घरी आलं की रडू थांबत नाही. आधी प्रार्थनेला बसलं की कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं, आता भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. मला देव हवाय, खूप हवाय, पण तो नाहीये. महिला मंडळात बोलले तर एकजण म्हणाली काहीतरी लपलेलं पाप असेल. पाळकसाहेब म्हणाले स्तोत्रं वाचा. पण उघडलं की सगळीकडे स्तुती करा स्तुती करा, वाचून अजूनच एकटं वाटतं. माझा विश्वास संपलाय का?

उत्तर : ताई, सलाम. आधी त्या महिला मंडळातल्या बाईंचं बघू. त्यांना बायबलातलं ईयोबाचं पुस्तक शेवटच्या अध्यायापर्यंत वाचायला सांगा, बरेच जण दुसऱ्या अध्यायानंतर सोडून देतात. सगळं गमावलेल्या ईयोबाला त्याचे मित्र पुस्तकभर हेच म्हणत राहतात की तू काहीतरी केलं असशील म्हणून तुझ्यावर ही वेळ आली, आणि ४२व्या अध्यायात देव भडकतो तो त्या मित्रांवर, वर ईयोबानंच त्यांच्यासाठी प्रार्थना करायची असं ठरतं. तेवढं वाचून झालं की मग बोला म्हणावं.

आता स्तोत्रं. तुम्हाला सगळीकडे स्तुतीच दिसते ह्यात पुस्तकाचा दोष नाही, आपल्या निवडीचा आहे. रविवारी प्रतिसादवाचनाला आपण काय घेतो तर १००, १०३, १५०, फार झालं तर ९१. पण दीडशे स्तोत्रांत सगळ्यात मोठा गट कुठला असेल तर तो विलापाचा, म्हणजे देवाकडे तोंडावर केलेल्या तक्रारीचा. निव्वळ स्तुतीची गर्दी शेवटाला आहे, १४६ ते १५० ही पाच तर 'परमेशाचे स्तवन करा' अशीच सुरू होतात आणि त्यावरच संपतात, तिथून सुरुवात केलीत तर दम लागणारच.

तुम्ही ४२ उघडा. आणि ४२ संपलं म्हणून थांबू नका, ४३ पण त्याच दमात वाचा, कारण ती दोन मिळून मुळात एकच गाणं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ४३ला स्वतःचा मथळा नाही, आणि 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास' हे धृपद ४२मध्ये दोनदा येतं आणि ४३च्या शेवटी तिसऱ्यांदा.

हे म्हणणारा कोण आहे ते बघा. वर मथळ्यात कोरहाच्या मुलांचं नाव आहे. कोरह म्हणजे गणना ह्या पुस्तकाच्या १६व्या अध्यायातला, मोशेविरुद्ध बंड करणारा, ज्याला जमिनीनं गिळलं. पुढे २६व्या अध्यायात एक बारीकसं वाक्य आहे, वाचताना डोळ्यांतून निसटतं, की कोरहाची मुलं मात्र मेली नाहीत. त्यांच्या वंशातले लोक नंतर यरुशलेमच्या मंदिरात गायक झाले, द्वारपाळ झाले. म्हणजे ह्या माणसाची नोकरीच देवळात. सणाला लोक गात वाजत यायचे आणि हा त्यांच्या पुढे चालायचा, चौथ्या वचनात तो तेच आठवत बसलाय. आणि आता आहे कुठे, तर यार्देन (जॉर्डन) नदीच्या मुलखात, हर्मोन डोंगराकडे, मिसार नावाच्या टेकडीपाशी. हर्मोन म्हणजे पार उत्तरेचं टोक, २८१४ मीटर उंच, आपल्या कळसूबाईपेक्षा हजारावर मीटर जास्त आणि माथ्यावर बर्फ. यरुशलेम तिथून दीडशे किलोमीटरच्याही पुढे. आसपासचे लोक रोज विचारतायत, कुठाय तुझा देव. आणि हा म्हणतो माझे अश्रूच माझं रात्रंदिवसाचं जेवण झालेत.

आता एक बघा, मला हे स्तोत्र ह्यासाठीच फार आवडतं. पहिल्या वचनात हरिणी पाण्यासाठी तळमळतेय, म्हणजे ह्याला तहान लागलीय. पण तो जिथे बसलाय तिथे पाण्याला तोटा नाही! हर्मोनावरचं बर्फ वितळून डोंगरात मुरतं आणि पायथ्याला दान आणि बनियासच्या झऱ्यांतून जोरात बाहेर पडतं, यार्देन तिथूनच सुरू होते, बनियासला चांगला मोठा धबधबा आहे. आणि सातव्या वचनात तो म्हणतो, तुझ्या धबधब्यांच्या आवाजानं एक लोंढा दुसऱ्याला हाका मारतोय, तुझ्या सगळ्या लाटा माझ्या डोक्यावरनं गेल्या. तहानेनं जीव चाललाय आणि त्याच वेळी बुडतोय. आतून कोरडी आणि रडू थांबत नाही असं तुम्ही लिहिलंत ना, एकाच वाक्यात लिहिलंत, आणि तुम्हाला वाटलं असेल की हे दोन्ही एकदम कसं असेल, माझंच काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं नाहीये. हा माणूस अडीच हजार वर्षांपूर्वीच तुमच्या शेजारी येऊन बसलाय.

पुढे नववं वचन. देव माझा खडक, त्याला मी म्हणेन, तू मला का विसरलास. ज्याला खडक म्हणायचं त्यालाच त्याच श्वासात विसरलास का म्हणून विचारायचं, हे आपल्याला प्रार्थनासभेत कुणी करू देईल का हो? लगेच कुणीतरी 'निगेटिव्ह बोलू नका' म्हणेल. पण स्तोत्रांत आश्रय म्हणतात तो असा आहे. तुम्ही आश्रय म्हणजे बरं वाटणं असं धरून चाललाय आणि ते मिळत नाही म्हणून घाबरलाय, पण बरं वाटलं असं हा गडी दोन्ही स्तोत्रांत एकदाही म्हणत नाही, शेवटच्या वचनातही जीव खिन्नच आहे आणि तो त्याला समजावतोच आहे, की आशा धर, मी अजून त्याचे गुण गाईन. 'अजून गाईन', आज गातोय असं नाही. बदलतं ते फक्त मागणं, ४३मध्ये तो म्हणतो तुझा प्रकाश आणि तुझं सत्य पाठव, ते मला घेऊन जातील डोंगरावर, वेदीपर्यंत. माझं मी येतो म्हणायची ताकद नाहीये, न्यायला कुणाला तरी पाठव म्हणतो.

करायचं काय म्हणाल तर, काही दिवस स्वतःचे शब्द शोधत बसू नका, ते दमलेत. ह्याचे वापरा. मोठ्यानं वाचा, मनातल्या मनात वाचलं की आपण ओळी गाळतो. जिथे गळा दाटेल तिथे थांबा, पुढचं उद्या. मग कधीतरी १३ वाचा, सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोनांत चार वेळा 'कुठवर' आहे. आणि एखाद्या फार वाईट रात्री ८८. ८८ मी कुणालाही सहज सांगत नाही, ते पण कोरहाच्या मुलांचंच आहे, आणि सगळ्या स्तोत्रांत ते एकटं असं आहे की शेवट अंधारात होतो, वळण येतच नाही, तरी ज्यांनी हे पुस्तक जमवलं त्यांनी ते काढलं नाही आणि शेवटाला एक गोड ओळही चिकटवली नाही. ८४ नंतर वाचा, घाई नाही. ते त्याच घराण्याचं, तिथे चिमणीला घर मिळालंय आणि पाकोळीला घरटं, देवाच्या वेदीपाशी. म्हणणाऱ्याला पाखरांचा हेवा वाटतोय.

प्रभू येशू स्वतः वधस्तंभावर स्तोत्रंच बोलला हे तुम्हाला माहीतच आहे. मत्तय आणि मार्काच्या शुभवर्तमानात २२व्या स्तोत्राची पहिली ओळ, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', आणि लूकमध्ये ३१व्यातली, तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो. त्याचाही विश्वास संपला होता असं तुमच्या मंडळातलं कुणी म्हणणार नाही.

आणि आपल्या मराठीत मुळावरून भाषांतर करणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या हे विसरू नका. आईवडील दुष्काळाच्या फरफटीत गेले, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये, पदरात तान्ही मुलगी. त्याच मुलीला, मनोरमाला, १९२१ मध्ये पोचवलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. त्यांचं सगळं बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापून झालं. अश्रूच माझं जेवण झालेत ही ओळ ह्या बाईंच्या हातून मराठीत उतरली, कोरड्या डोळ्यांनी उतरली असेल असं मला वाटत नाही.

जाता जाता, झोप आणि भूक दोन्ही गेली असेल तर डॉक्टरांनाही भेटा. स्तोत्रं आणि गोळ्या ह्यांचं भांडण नाहीये.

प्रश्न : ताई, आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की स्तोत्र ९१ रोज सात वेळा म्हटलं आणि अकरा लोकांना पाठवलं तर घरात आजारपण आणि अपघात येत नाहीत. आजी तर बायबल ९१वर उघडून उशाखाली ठेवते. कोविडमध्ये पण सगळे हेच म्हणत होते, आणि तरी आमचे काका गेले. मग हे स्तोत्र खोटं आहे का? मी कॉलेजला आहे, ठाण्याला राहतो.

उत्तर : अरे बाळा, काकांचं ऐकून वाईट वाटलं. स्तोत्र खोटं नाही, मेसेज खोटा आहे. मजा अशी की हे स्तोत्र असं वापरणारा पहिला नमुना बायबलातच दिलाय, आणि तो सैतान आहे. मत्तय ४ काढ. तो येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन उभा करतो आणि म्हणतो टाक उडी, कारण लिहिलंय की तुझ्या पायाला दगडाची ठेच लागू नये म्हणून दूत तुला हातावर झेलतील. हे ९१व्याचं ११ आणि १२वं वचन. लगेच पुढच्या वचनात सिंह आणि नाग पायाखाली तुडवशील असं आहे, तिथपर्यंत तो जात नाही, का जात नाही ते तूच ठरव. येशू त्याला अनुवाद नावाच्या पुस्तकातली ओळ ऐकवतो की परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस. उडी मारत नाही.

ही खोड जुनी आहे, व्हॉट्सअपनं काही नवीन केलेलं नाही. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या त्यातल्या एकीत हे स्तोत्र भुतं पळवायच्या गाण्यांसोबत लिहिलेलं आहे. पुढच्या काळातली ख्रिस्ती लोकांची हातातली कडी आणि पपायरसचे तावीज सापडलेत, त्यावर ह्याच स्तोत्राची सुरुवात ग्रीकमध्ये. माणूस घाबरला की शब्दांचा गंडा बांधतो, सगळ्या धर्मांत बांधतो.

पण स्तोत्र शेवटपर्यंत वाच. १५व्या वचनात देव स्वतः बोलतो आणि म्हणतो की संकटात मी त्याच्याजवळ राहीन. संकटात. म्हणजे संकट येणार हे धरलेलंच आहे. एलआयसीची पॉलिसी काढावी तसं हे स्तोत्र म्हणायचं आणि हप्ता चुकला म्हणून काका गेले असं समजायचं, हे देवाबद्दलही वाईट आणि काकांबद्दलही. तुझे काका गेले तेव्हा हॉस्पिटलच्या त्या वॉर्डात घरचं कुणी जाऊ शकत नव्हतं, बरोबर ना, १५वं वचन जर कुठल्या खोलीसाठी असेल तर ते त्या खोलीसाठी आहे असं मी मानते.

मेसेज पुढे पाठवू नकोस. आजीला मात्र काही बोलायचं नाही. ती उशाखाली ठेवते ते ठेवू दे, फक्त रोज संध्याकाळी ते बायबल बाहेर काढून तिला वाचून दाखव, तिला दिसत नसेल आता नीट.

प्रश्न : मॅडम, सांगली जिल्ह्यातून लिहितोय. थोरल्या भावानं वडिलांच्या पाठीमागं सह्या घेऊन शेतजमिनीतून माझं नाव काढायचा घाट घातलाय. मला रात्री झोप येत नाही. स्तोत्र १०९ वाचलं, त्यात 'त्याची मुलं पोरकी होवोत' वगैरे आहे, खरं सांगतो वाचून फार बरं वाटलं. मग भीती वाटली. मी माझ्या भावाविरुद्ध ही प्रार्थना करू शकतो का?

उत्तर : भाऊ, पहिली गोष्ट म्हणजे फेरफाराची नोंद लागली असेल तर तलाठ्याकडे जाऊन लेखी हरकत द्या, तिला मुदत असते, ती स्तोत्रं वाचत बसल्यामुळे निघून गेली असं व्हायला नको. वकिलाला कागद दाखवा. कोर्टात जाणं म्हणजे विश्वास कमी असं मी मानत नाही, प्रेषित पौलानं पण रोमच्या कैसराकडे दाद मागितली होती.

आता १०९. शापाची स्तोत्रं ख्रिस्ती मंडळीला कायमच जड गेलीत. कॅथलिकांच्या प्रहरप्रार्थनेचं पुस्तक १९७१ मध्ये नव्यानं आलं तेव्हा त्यातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन पूर्ण वगळली गेली, १३७चा शेवटही काढला. १३७ म्हणजे बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नद्यांकाठचं, पहिल्या ओळी सगळ्यांना पाठ, गाणी पण झालीत त्यावर, पण शेवटी तो माणूस म्हणतो की बाबेलची तान्ही पोरं जो खडकावर आपटेल तो धन्य. अंगावर काटा येतो. पण इ. स. पू. ५८६च्या सुमाराला बाबेलच्या फौजेनं यरुशलेम जाळताना ज्यांनी आपली पोरं तशी मेलेली बघितली असतील त्यांच्या तोंडचं आहे हे, एसीत बसून बोललेलं नाही.

मला विचाराल तर वगळलं हे बरं केलं नाही. चारचौघांत मोठ्यानं वाचायला अवघड आहे हे मान्य, पण पुस्तकातनं काढल्यानं माणसाच्या मनातनं निघत नाही, मग ते बांधावर निघतं, कोयत्यानं निघतं. तुम्हाला वाचून बरं वाटलं त्याची भीती धरू नका. मात्र पूर्ण वाचा. चौथ्या-पाचव्या वचनात तो म्हणतो मी ह्यांच्यावर प्रेम केलं आणि त्याच्या बदल्यात वैर मिळालं, म्हणजे परक्याबद्दलचं हे बोलणं नाही, जवळच्यानं दगा दिलाय. दुसरं म्हणजे सहापासून एकोणिसापर्यंतचे जे शाप आहेत ते त्याचे स्वतःचे नसून शत्रू त्याला काय काय म्हणतायत ते तो देवाला ऐकवतोय, असं मानणारे बरेच अभ्यासक आहेत, कारण बाकी ठिकाणी शत्रू 'ते' आहेत आणि इथेच एकदम 'तो' होतो. तसं धरलं तर पोरकी व्हायची ती ह्याचीच मुलं. एकदा तसं वाचून बघा, तुमच्या पुतण्यांची तोंडं डोळ्यासमोर येतील. ती पोरं तुमच्याच अंगाखांद्यावर वाढली असतील.

करा प्रार्थना. राग देवाच्या पुढ्यात जसा आहे तसा टाका, शिव्या आल्या तर शिव्या. वैऱ्यासाठी प्रार्थना करा असं प्रभूनं सांगितलंय ते रद्द झालेलं नाही, पण त्याच्यापर्यंत पोचायला तुम्हाला वेळ लागेल आणि लागू दे. तोवर एक पाळा, देवाकडे जे मागितलंत ते स्वतःच्या हातानं करायचं नाही.

प्रश्न : ताई, आई ८४ वर्षांची, डिमेन्शिया आहे. माझं नाव आठवत नाही, मला कधी बहीण समजते कधी नर्स. रात्री उठून बसते, घरी जायचं म्हणते. पण मी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हटलं की 'मला काही उणे पडणार नाही' हे ती म्हणते, आणि पुढचं पण बरंच म्हणते. हे खरंच तिच्यापर्यंत पोचतं का का नुसती सवय आहे? अजून काय वाचू? आणि माझं स्वतःचं काही वाचायचं राहूनच गेलंय.

उत्तर : नुसती सवय असली तरी किती चांगली सवय आहे बघा. लहानपणी पाठ केलेलं, त्यातून चालीवर म्हटलेलं, हे ह्या आजारात पुष्कळांच्या बाबतीत उशिरापर्यंत टिकतं, कालचं जेवण जातं पण शब्बाथशाळेत घोकलेलं राहतं. म्हणून सोप्या भाषेतलं नवीन बायबल तिच्यासाठी घेऊ नका, ती ज्यात शिकली तेच, त्याच शब्दांत. परीक्षा घ्यायची नाही, 'पुढे काय आई, सांग ना' असं करायचं नाही. अर्धी ओळ म्हणून गप्प बसा, आली तर आली, नाही तर तुम्हीच पुरी करा. हे मेंढपाळाचं स्तोत्र म्हणजे २३, त्यासोबत १२१ घ्या, १०० घ्या, ११७ तर दोनच वचनांचं आहे. ज्या कानानं नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा, बाकी टीव्ही बंद.

रात्रीसाठी एक जुनी व्यवस्था सांगते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठवासियांसाठी नियम लिहिला, आठवड्यात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणून व्हायची, दिवसाच्या वेळेप्रमाणे सगळी वाटून दिलेली. पण झोपायच्या आधीची तीन त्यानं बदलू दिली नाहीत, रोज रात्री तीच, ४, ९१ आणि १३४. रोज तीच म्हणजे दिवा लावायला नको, चष्मा शोधायला नको. १३४ बघा, तीन वचनं, रात्री मंदिरात उभं राहून पहारा देणाऱ्या सेवकांसाठीचं. आईला उठवून बाथरूमला नेऊन परत झोपवायचं आणि मग स्वतः टक्क जागं राहायचं, तुमची ती ड्युटी ह्या स्तोत्रात बसते असं मला वाटतं. १२१मध्ये तर राखणारा झोपतही नाही आणि डुलकीही घेत नाही, म्हणजे तुम्ही तासभर झोपलात तरी चालेल. खरंच झोपा. मंडळीत दोन बायका ठरवा ज्या आठवड्यातनं एक दुपार येऊन बसतील, संकोच करू नका, 'प्रार्थनेत आठवण ठेवतो' म्हणणाऱ्यांना वार आणि वेळ विचारायची.

तुमच्यासाठी ७१. म्हातारपणी मला टाकू नकोस असं मागणारं स्तोत्र आहे ते, नवव्या वचनात एकदा आणि १८व्यात परत. आई हे आता स्वतः मागू शकत नाही, तिच्या वतीनं तुम्ही मागा, तिचं नाव घालून म्हणा. तिला कोण कोणाचं ते आठवत नसलं तरी तुम्हाला आठवतंय ना.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. मामाच्या घरी एक जुनं प्रार्थनेचं पुस्तक सापडलं त्यात मेंढपाळाचं स्तोत्र २२ नंबरला आहे, आणि शाळेतल्या प्रोटेस्टंट मैत्रिणीच्या बायबलात २३. तिनं सांगितलेलं ४२ मी उघडलं तर भलतंच निघालं. कोणाचं चुकलंय?

उत्तर : कोणाचंच नाही. हिब्रूतनं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा त्यात ९ आणि १० ही एकत्र धरली गेली, म्हणून तिथून पुढे ग्रीकचा नंबर एकानं मागे पडतो. ११४ आणि ११५चं पण एक केलंय, पण ११६चे दोन तुकडे केलेत, आणि शेवटी १४७चे दोन करून हिशेब परत जुळवलाय, त्यामुळे १ ते ८ आणि १४८ ते १५० दोन्हीकडे सारखी आणि एकूण दीडशेच. (ग्रीक ऑर्थोडॉक्स बायबलात एक १५१वं पण आहे, दावीद आणि गल्याथवरचं.) लॅटिन बायबल ग्रीकच्या नंबरावर चाललं आणि जुनी कॅथलिक पुस्तकं लॅटिनच्या. हल्लीची बरीचशी कॅथलिक बायबलं हिब्रू नंबर वापरतात आणि मिस्सेच्या पुस्तकांत कधी कधी दोन्ही छापलेले असतात. म्हणजे मैत्रिणीचं हरिणीवालं ४२ हवं असेल तर मामाकडच्या पुस्तकात ४१ काढायचं. त्यात अजून एक घोळ, काही बायबलांत मथळ्यालाच पहिलं वचन धरतात, त्यामुळे वचनाचा नंबरही एकानं पुढे जातो, वर मी सातवं वचन म्हटलंय ते तुमच्याकडे आठवं असू शकेल. स्तोत्र कुणाला सांगायचं असेल तर नंबरासोबत पहिली ओळ पण सांगत जा.